सरकीवरचं तूप

तूप थिजत असलं की मी तिकडं बघत नाही. कुणाला सांगितलं तर हसतात. रसायनशास्त्र शिकवण्यात जन्म गेला आणि बाई तुपाला घाबरते म्हणे! घाबरत नाही हो, लाज वाटते. बरणीच्या तळाशी पांढरा रवा धरायला लागला की मला आमचं गावचं स्वयंपाकघर दिसतं, भाकरी वाढता वाढता थांबलेली वहिनी दिसते, आणि मी काहीतरी निमित्त काढून तिथून उठते.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी जळगावला एम.एस्सी. करत होते. वसतिगृहात राहायचे आणि शनिवारी दुपारच्या एस.टी.नं गावी जायचे. आमचं गाव पूर्वेकडं, केळी आणि कपाशीच्या पट्ट्यात. घरात नाना म्हणजे माझे वडील, आई, माझा थोरला भाऊ आणि वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली वहिनी. वहिनी धुळ्याच्याही पलीकडची, साक्रीकडच्या एका खेड्यातली. माझ्याहून वयानं लहानच, पण मान वहिनीचा. तिची बोली आमच्याहून वेगळी, बोलताना 'शे' यायचंच. मी टोकायचे, "वहिनी, आपल्याकडं 'आहे' म्हणतात." ती चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, "शे तं शे." मला ते फार आवडायचं, पण आवडतं असं कधी सांगितलं नाही. नणंदपणा अंगात होताच.

आता माझ्या अभ्यासाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. आमच्या सरांना एक खूळ होतं. जळगावचा उन्हाळा ज्यानं पत्र्याखाली काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. दुपारी घरात भाकरी भाजावी असा पत्रा तापतो. सरांचं म्हणणं असं की पत्र्याखाली चपट्या डब्यांतून एखादा स्निग्ध पदार्थ भरून ठेवायचा. दिवसा तो वितळेल आणि वितळताना वरून येणारी उष्णता पोटात घेईल. गंमत अशी की पदार्थ वितळत असतो तोवर उष्णता खात राहतो, पण स्वतः आणखी तापत नाही. रात्री गार वारा सुटला की तो परत थिजेल आणि खाल्लेली उष्णता बाहेर टाकेल. पुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हणतात. आम्ही मुलं मागं बसून म्हणायचो, सर गरिबाच्या छपराला तुपाची फोडणी देणार. पण काम खरं होतं. कुठल्या बांधणीचा रेणू किती तापमानाला वितळतो आणि वितळताना किती उष्णता घेतो, हे तपासायचं माझ्याकडं आलं.

मला ते पटकन कळलं, कारण मी शेतातली. मेदाम्लाचा रेणू म्हणजे कर्बाच्या अणूंची लांब काडी. काडी जितकी लांब, तितकी शेजारच्या काडीला जास्त जागी धरते, म्हणून सुटायला जास्त उष्णता लागते. खोबरेल तेलातल्या काड्या आखूड, ते थंडी संपायच्या आत पातळ होतं. मेणबत्तीत घालतात त्या स्टिअरिक आम्लाच्या काड्या लांब आणि सरळ, ते वितळायला कढत पाणी लागतं. पण नुसत्या लांबीनं भागत नाही. काडीला मधेच बाक आला, तर लांब असूनही ती शेजारणीला चिकटून बसत नाही. तुरीच्या वाळल्या तुराट्यांची मोळी बांधून बघा, सरळ काड्या एकीला एक लागून बसतात आणि मोळी सोडवायला जोर लागतो. कपाशीच्या पऱ्हाट्यांची मोळी बांधा, वाकड्या फांद्या एकमेकींना जवळ येऊ देत नाहीत, जरा हिसका दिला की विस्कटते. तो जोर म्हणजे उष्णता. वर्गात मी हे असंच सांगितलं आणि सर खूश झाले. तेव्हापासून मी स्वतःला शहाणी समजायला लागले.

शुद्ध रसायनं झाल्यावर सर म्हणाले, आता आपल्या मुलखातलं काहीतरी आणा. एकानं शिरपूरच्या वरच्या डोंगरातून मोहाच्या बियांचं तेल आणलं. एकानं भुसावळच्या बाजारातून मेण आणलं. मी म्हटलं, मी घरचं तूप आणते.

आमच्या घरचं तूप म्हणजे वहिनीचं तूप. आई कुणावर सहसा काही सोपवायची नाही. मीठसुद्धा ती स्वतः घालणार. पण लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिनं लोणी कढवायचा पळा वहिनीच्या हातात दिला, तोही चारचौघींत, हळदीकुंकवाच्या दिवशी. आमच्याकडं त्याचा अर्थ सगळ्या बायकांना कळतो. सून आता घरची झाली. वहिनी लोणी कढवायची, शेवटी विड्याचं पान टाकायची, आणि खाली उरलेली बेरी गुळात कालवून वाटीत झाकून ठेवायची. शनिवारी मी आले की ती वाटी माझ्यापुढं यायची. घरात दुसऱ्या कुणाला ती बेरी मिळत नसे.

आणि तूपही तसंच व्हायचं. रवाळ, टणक. फाल्गुनात इतर घरांत तुपाचं तेल झालेलं असायचं, तेव्हा आमच्या बरणीत दुपारपर्यंत चमचा उभा राहायचा. आई येणाऱ्याजाणाऱ्याला बरणी वाकडी करून दाखवायची. "पाहा, ऊन लागलं तरी रवा सोडत नाही. माझ्या सुनेचा हात आहे." वहिनी लाजून आत पळायची.

मी नमुना मागितला तेव्हा तिनं नवी काचेची बाटली धुऊन, उन्हात वाळवून, तूप भरून, तोंडाला फडकं बांधून दिली.

"काय करणार ताई याचं?"

"परीक्षा घेणार."

"पास करा मग," ती म्हणाली आणि हसली.

प्रयोग साधा होता. तूप परीक्षानळीत पूर्ण वितळवायचं, त्यात तापमापी सोडायची, आणि निवताना थोड्या थोड्या वेळानं तापमान टिपून आलेख काढायचा. शुद्ध आम्लाची रेघ उतरत येते आणि थिजायला लागलं की आडवी होते. सगळ्या काड्या एकाच मापाच्या, त्या एकदमच मोळी बांधतात. तुपात लहान-मोठ्या, सरळ-वाकड्या सगळ्याच काड्या, म्हणून तिथं रेघ आडवी न होता नुसती कलते. पुस्तकात म्हशीच्या तुपाचे आकडे होते. माझी रेघ त्याहून पुष्कळ वर कलली. वहिनीचं तूप लवकर थिजत होतं आणि उशिरा वितळत होतं. पुन्हा केलं, तेच आलं. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून वनस्पती तूप आणून त्याची रेघ काढली. वनस्पती तूप कसं करतात ते मला पाठ होतं. पातळ तेलातल्या वाकड्या काड्या हायड्रोजन देऊन सरळ करायच्या, की तेल थिजतं. वहिनीच्या तुपाची रेघ बरोबर पुस्तकातलं तूप आणि दुकानातलं वनस्पती यांच्या मधोमध आली.

मला काय वाटलं म्हणता? वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. नुसत्या आलेखावरून मी भेसळ पकडली होती. सुतावरून स्वर्ग गाठला म्हणतात तो असा.

शनिवारी गावी गेले. संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. वहिनी वाढत होती. मी पिशवीतून आलेखाचा कागद काढला आणि म्हणाले, "आई, तुझ्या लाडक्या सुनेच्या तुपात वनस्पती निघालं."

अगदी याच शब्दांत. थट्टेच्या सुरात. मला वाटलं, सगळे चकित होतील, मला दोन प्रश्न विचारतील, मी उत्तरं देईन. तेवढंच हवं होतं मला.

वहिनी भाकरी हातात धरून तशीच थांबली. भाऊ ताटात बघत राहिला. नाना म्हणाले, "काहीतरी चुकलं असेल." आई म्हणाली, "तुझं यंत्र खोटं बोलतं का?"

त्या क्षणी "असेलही" म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण माझं शहाणपण आड आलं. "आकडे खोटं बोलत नसतात," मी म्हणाले.

आईनं मग एकास एक जोडायला सुरुवात केली. संक्रांतीला वहिनी माहेरी गेली तेव्हा भावानं तिच्याबरोबर तुपाचा डबा दिला होता. आईला विचारून दिला होता, पण आता आईला तो डबा मोठा वाटायला लागला. वहिनीच्या माहेरी दुभतं नव्हतं. म्हणजे इथलं लोणी तिकडं जातं आणि इकडची तूट वनस्पती घालून भरते, असा हिशोब आईनं मनाशी मांडला. ओरडली नाही. आमची आई ओरडायची नाही, त्यापेक्षा वाईट करायची. दुसऱ्या दिवशी लोणी कढवायची वेळ झाली तेव्हा तिनं वहिनीच्या हातातला पळा हळूच काढून घेतला आणि म्हणाली, "राहू दे. मी बघते."

त्याच दुपारी मी जळगावला निघायची तयारी करत होते, तेव्हा वहिनी खोलीत आली. हातात एक लहान वाटी होती, तूपच होतं.

"मी काही करं नही, ताई," ती म्हणाली. इतकी घाबरली होती की माझ्यापुढं पहिल्यांदाच सबंध वाक्य तिच्या बोलीत आलं. मग स्वतःच सावरून म्हणाली, "हे तुमच्या आईसमोर काढलेलं आहे मागच्या आठवड्यात. एवढं पुन्हा एकदा बघता का?"

मी पिशवीची चेन लावत होते. "वहिनी," मी म्हणाले, "प्रयोगशाळेत घरची भांडणं नेत नसतात."

ती वाटी घेऊन गेली. आणि खोटं वाटेल, पण बेरीची वाटी मात्र त्याही दिवशी माझ्या पिशवीशेजारी झाकून ठेवलेली होती. मी ती एस.टी.त बसून खाल्ली.

होळीनंतर आईनं तिला माहेरी धाडलं. "चार दिवस जाऊन ये," असं सांगून. खानदेशात लेकी माहेरी जातात आखाजीला. अक्षय तृतीयेला गावोगावी झोके बांधतात, पोरी गाणी म्हणतात, तो त्यांचा हक्काचा सण. आखाजीला महिना-दीड महिना असताना, मधल्याच दिवसांत, एखादी माहेरी येऊन बसली तर गाव काय समजायचं ते समजतं. चार दिवसांचे आठ झाले, आणखी झाले, आईनं बोलावणं धाडलं नाही. भाऊ केळीच्या बागेत राबायचा आणि घरी आला की न बोलता जेवायचा. मी दर शनिवारी जायचे. जाता-येता स्वतःला बजावत होते की मी काय केलं, मी तर खरं तेच सांगितलं.

सरांना मी तो आलेख ऐटीत दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला. "भेसळ असेल," म्हणाले, "पण तू पुस्तकातल्या तुपाशी ताडून बघतेस. ते तूप कुठलं, तुला माहीत आहे का? खात्रीचा एक नमुना आण, तुमच्याच गोठ्यातला. मग बोलू."

खात्रीचा नमुना म्हणजे आता आईच्या हातचं तूप. मी शनिवारी आईकडं मागितलं. "संपलं," आई म्हणाली. संपलेलं नव्हतं. फडताळात वरच्या फळीवर, मागच्या बाजूला, फडक्याखाली बरणी होती. मला जरा नवल वाटलं, कारण तुपाची बरणी आमच्याकडं कायम पुढं, दिसेल अशी असायची. मी आईला न विचारता थोडं काढून घेतलं.

सोमवारी प्रयोग केला. रेघ उतरत आली आणि बरोबर वहिनीच्या रेघेवर जाऊन बसली. मला वाटलं नळ्यांची अदलाबदल झाली. पुन्हा केला. कागदावर दोन तुपांची एकच रेघ. तो कागद मी सरांपुढं नेऊन ठेवला.

सर म्हणाले, "साखर आणि आम्लाची चाचणी केलीस का?"

केली नव्हती. मला माहीत होती, बरं का. वनस्पती तुपात तिळाचं तेल घालायची सक्तीच असते, अशासाठी की भेसळ ओळखू यावी. साखर आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घालून हलवलं की तिळाचं तेल लाल रंग देतं. पाच मिनिटांचं काम. बी.एस्सी.ची पोरं करतात. मी केली नाही, कारण माझ्या मते मी केव्हाच जिंकले होते. आता केली. दुकानातलं वनस्पती लालभडक झालं. आईचं तूप तसंच राहिलं. बाटलीच्या तळाशी वहिनीचं थोडं शिल्लक होतं, तेही तसंच राहिलं, काही रंग नाही.

"म्हशीला काय घालता?" सरांनी विचारलं.

"सरकी," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला पुढचं दिसायला लागलं.

कपाशीच्या मुलखातलं तूप वेगळंच असतं. हे दुग्धशास्त्राच्या पुस्तकात छापलेलं होतं, मी ते पान उघडलं नव्हतं इतकंच. सरकीत, म्हणजे कपाशीच्या बियांत, एक विचित्र मेदाम्ल असतं, त्याच्या काडीला मधे कडीसारखं लहानसं वलय असतं. म्हशीच्या अंगात सरळ काड्यांना बाक आणायची एक व्यवस्था आहे. हे वलयवालं आम्ल ती व्यवस्था अडवतं. मग दुधात सरळ काड्या जास्त उतरतात. मोळी घट्ट बसते. तूप टणक होतं, रवाळ होतं, उशिरा वितळतं. ज्या गुणासाठी आई बरणी वाकडी करून दाखवायची, त्याच गुणासाठी मी वहिनीला चोर ठरवलं होतं. आणि कपाशी कुठं पिकते? आमच्याच शेतात. मी लहानपणापासून तिच्यातच वाढलेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते याहून वेगळं काय असतं?

शनिवारची वाट न बघता त्याच दिवशी गावी गेले. आई ओसरीवर तुरीची डाळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सरकी, काड्या, लाल रंग, सगळं. सांगताना मला रडू आलं. आई निवडतच राहिली.

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"ती घरात होती तोवर वाटायचं, लोण्यातच काही असेल. ती गेल्यावर सगळं मीच केलं तेव्हा कळलं. माझ्या हातचंही तसंच थिजलं."

म्हणून बरणी मागं लपवलेली होती. मी तिच्यापुढं बसले. "मग बोलली का नाहीस? इतके दिवस?"

"काय बोलू? तू शिकलेली. तू सगळ्यांसमोर सांगितलंस. मी म्हटलं, माझंच काही चुकत असेल." मग डाळीतला एक खडा वेचून म्हणाली, "आणि मी तिच्या हातातून पळा काढून घेतला होता. तो परत कसा द्यायचा, ते मला सुचेना."

मला तिचा राग आला, आणि त्याच क्षणी कळलं की रागवायचं तोंड मला नाही. 

दुसऱ्या दिवशी भाऊ आणि मी निघालो. आई आली नाही. "मी कोणत्या तोंडानं येऊ," म्हणाली. जळगाव, मग धुळे, मग साक्रीच्या रस्त्याची गाडी. भाऊ खिडकीतून बाहेर बघत होता. पारोळ्याच्या पुढं एकदाच बोलला. "मी पण विचारलं नाही गं तिला काही," म्हणाला. "एकदाही नाही."

वहिनीच्या घरी आमचं स्वागत झालं. पाणी दिलं, चहा दिला, जेवायला बसवलं. जावई घरी आलेला, म्हणून तिच्या आईनं खापरावर मांडे केले होते. पुरणाचा मोठा पातळ मांडा ताटात पडला आणि ती माऊली तुपाची वाटी घेऊन माझ्यापुढं उभी राहिली.

"वाढू का," तिनं विचारलं, "का पह्यले तपासशात?"

मी वर बघू शकले नाही. ते तूप संक्रांतीच्या डब्यातलं होतं. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं, अर्ध्याहून जास्त शिल्लक होतं. माझ्या ताटात तिनं ते भरपूर वाढलं आणि म्हणाली, "मन्ही पोर चोर नही शे." आवाज चढवला नाही. मग ती भावाला वाढायला गेली.

जेवणानंतर परसात वहिनी भांडी घासत होती. मी तिच्याशेजारी बसले, राख घेतली आणि घासायला लागले. तिनं नको म्हटलं नाही. मी माफी मागितली. मग सगळं समजावून सांगितलं, तुराट्या आणि पऱ्हाट्यांसकट. ती ऐकत होती. सरकीचं आलं तेव्हा तिचा हात थांबला.

"सरकीनं तूप टणक होतं?"

"हो."

"ताई," ती म्हणाली, "सरकी मीच घालत होते. आई एक शेर सांगायच्या, मी वरून दोन ओंजळी जास्त घालायची. इकडं निघताना यांनाही तेच माप सांगून आले. म्हटलं, तूप चांगलं उतरेल, आईंना बरं वाटेल."

मला तिच्याकडं बघवेना. मी तवा घासत राहिले, तो केव्हाच घासून झाला होता.

"चल घरी," मी म्हणाले.

"आता नाही," ती म्हणाली. "आता आले तर लोक म्हणतील, भांडून आली होती, मिटवून नेली. आखाजी करून येईन. मग म्हणतील, आखाजीलाच आली होती."

ते बरोबर होतं, पण येईलच असं तिनं भावाला शब्द देऊन सांगितलं नाही. आम्ही दोघंच परत आलो. आईनं फाटकापर्यंत येऊन आमच्या मागं पाहिलं आणि आत गेली. त्या वर्षी आमच्या गावातही आखाजीला झोके बांधले होते, मी एकदाही बसले नाही. भाऊ रोज संध्याकाळी बागेतून येताना स्टँडवरून यायचा. वाट वाकडी पडायची, तरी त्याच वाटेनं यायचा.

आखाजी झाल्यावर वहिनीचे वडील तिला घेऊन आले. आई उंबऱ्यावर भाकरीचा तुकडा ओवाळायला उभी होती. ओवाळलं, पाण्याचा तांब्या दिला, आणि सगळ्यांसमक्ष पळा वहिनीच्या हातात ठेवला. "माझं चुकलं," म्हणाली. आईच्या तोंडून हे शब्द मी आधी कधी ऐकले नव्हते, नंतरही नाही. वहिनीनं वाकून नमस्कार केला. मला वाटलं, सुटले. मिटलं एकदाचं.

दोन दिवसांनी लोणी कढवायचं होतं. वहिनीनं चूल पेटवली, पातेलं ठेवलं, आणि ओसरीवर येऊन म्हणाली, "आई, जरा इथं येऊन बसता का? लोणी कढवायचंय."

"मी कशाला?" आई म्हणाली.

"बसा ना."

आई पाटावर बसली. वहिनीनं पदर खोचला, दोन्ही रिकामे हात आईपुढं धरले, पालथे केले, उताणे केले, आणि मग लोण्याला हात घातला. आईनं तोंड फिरवलं. मी दारात होते, मला सगळं दिसलं.

त्यानंतर तिनं एकटीनं कधीही लोणी कढवलं नाही. आई तिला रागावून पाहायची, समजावून पाहायची, एकदा तर रडली. वहिनी शांतपणे म्हणायची, "तुमच्यावर राग नाही आई. पण बसा." आई बसायची. पुढं त्या दोघींचं त्या वेळेला बोलणंही चांगलं व्हायचं, हसायच्याही. नव्वदच्या दशकात आई अंथरुणाला खिळली, तेव्हा वहिनीनं शेगडी तिच्या खाटेजवळ आणून लोणी कढवलं. आई गेल्यावर ती भावाला बसवायला लागली, तो नसला तर शेजारणीला हाक मारायची. शेजारणीला वाटायचं, हिला गप्पा हव्यात.

सरांचं छप्पर शेवटी काही झालं नाही. माझा आलेख मात्र प्रबंधात छापला गेला. 'आहाराचा स्निग्ध पदार्थाच्या थिजण्यावर परिणाम', दोन तुपांची एकावर एक बसलेली रेघ. सगळ्यांनी वाखाणला. मी दरवर्षी वर्गात मोळीचा दाखला देते, मुलांना चटकन कळतं.

आई गेल्यानंतरच्या दिवाळीत मी गावी गेले होते. भाऊ बागेत होता. वहिनीनं हाक मारली, "ताई, बसता का जरा?"

मी आत गेले. म्हणाले, "वहिनी, आता कोण विचारणार आहे तुला? आई नाही. आणि मला तर माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "बसा."

मी आईच्या पाटावर बसले. तिनं पदर खोचला आणि दोन्ही हात माझ्यापुढं धरले, पालथे, उताणे. वाट बघत राहिली. मी मान हलवेपर्यंत तिनं लोण्याला हात लावला नाही.